सगळ्यांनाच ‘आयन इंजिन’ म्हणू नका

उपग्रहाच्या मागे निळसर झोत दिसला की ‘आयन इंजिन’ लिहून मोकळं व्हायचं, ही बातम्यांची जुनी सवय. चूक तरी कशी म्हणायची? आयन, म्हणजे धन विद्युतभाराचे अणू, जाळीच्या इंजिनातून आणि हॉल थ्रस्टरमधून (थ्रस्टर म्हणजे यान ढकलणारं छोटं इंजिन), दोन्हींतून बाहेर पडतात. पण सध्या बाजारात जे घाऊक खपतंय ते हॉल थ्रस्टर. नाव मात्र घेतलं जातं जाळीच्या आयन इंजिनाचं.

जाळीच्या इंजिनात झेनॉन वायूच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून आयन बनवतात. पुढे हजारो भोकांच्या दोन जाळ्या, मधे मिलिमीटरभरही अंतर नाही, आणि हजारावर व्होल्ट. आयन सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सुटतात. नासाच्या ‘डीप स्पेस १’वर (१९९८) असंच इंजिन होतं, त्याचा पूर्ण जोर ९२ मिलीन्यूटन. फोटोकॉपीचे ७५ जीएसएमचे दोन ए-फोर कागद तळहातावर ठेवा, तेवढाच. जोर वाढवायला अडचण अशी की जाळ्यांमधे आयनांची दाटी झाली की ते मागून येणाऱ्यांनाच ढकलून देतात.

हॉल थ्रस्टरमध्ये जाळीच नाही. सिरॅमिकची गोल खाच असते आणि तिच्यात आडवं चुंबकीय क्षेत्र. हलके इलेक्ट्रॉन त्यात अडकून गोल गोल फिरत राहतात, जड आयन मात्र सरळ निसटतात. तो फिरता इलेक्ट्रॉनांचा ढगच जाळीचं काम करतो, आणि ऋण भाराचे इलेक्ट्रॉन तिथंच असल्यामुळे दाटीचा प्रश्न येत नाही. सोव्हिएत संघाने हे यंत्र डिसेंबर १९७१ मध्ये ‘मेटिओर’ उपग्रहावरून वर पाठवलं. पुढच्या एसपीटी-१०० या हॉल थ्रस्टरने १,३५० वॅटवर ८३ मिलीन्यूटन दिले. ‘डीप स्पेस १’च्या इंजिनाला ९२ साठी २,३०० वॅट लागत. हॉलच्या झोताचा वेग मात्र जवळपास निम्मा, म्हणजे वायू जास्त जाळायचा. जाळायचा म्हणजे फुंकायचा, जळत काहीच नाही.

मग बाजार हॉलकडे का वळला? कक्षेत पोचेपर्यंत उपग्रह एक पैसाही कमवत नाही. तिथं वायूच्या काटकसरीपेक्षा घाई महत्त्वाची. पण झेनॉन महाग: हवेच्या एक कोटी भागांत जेमतेम एक. म्हणून स्टारलिंकने आपल्या हॉल थ्रस्टरसाठी २०१९ मध्ये क्रिप्टॉन घेतला, २०२३ मध्ये थेट आर्गॉन. भोसरीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे टिग वेल्डिंगला जो सिलिंडर लागतो, त्यातला वायू तोच.

आपल्याकडे नावाचा आणखी एक घोळ आहे. इस्रो ज्याला ‘स्टेशनरी प्लाझ्मा थ्रस्टर’ म्हणते, तो हॉलच. नाव रशियन परंपरेतलं. २०२५ मध्ये ३०० मिलीन्यूटनच्या अशा थ्रस्टरची १,००० तासांची चाचणी इस्रोने पूर्ण केली.

‘लांबच्या प्रवासाला जाळी, पृथ्वीजवळ हॉल’ असा ढोबळ नियम पूर्वी सांगितला जाई. ‘डॉन’ यान जाळीच्याच जोरावर लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या आधी व्हेस्टा आणि मग सेरेसच्या कक्षेत शिरलं, तेव्हा तो पटायचाही. २०२३ मध्ये निघालेल्या ‘सायकी’ यानावर चार हॉल थ्रस्टर आहेत, आणि ते चंद्राच्या कितीतरी पलीकडे चालले.