कॉलेज टाळून थेट रोमला: ब्रँडन जेनिंग्जच्या निर्णयाची पार्श्वभूमी

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, लमेलो बॉल तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा तो अमेरिकेतल्या एकाही कॉलेजकडून खेळलेला नव्हता. आदल्या मोसमात तो ऑस्ट्रेलियात इलावारा हॉक्स या व्यावसायिक संघात होता. याचं फारसं कोणाला नवल वाटलं नाही. बारा वर्षांपूर्वी ब्रँडन जेनिंग्जने हाच रस्ता धरला, तेव्हा मात्र पोराने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, असं म्हणणारे पुष्कळ होते.

या सगळ्याच्या मुळाशी वयाचा नियम आहे. शाळा संपल्यावर चार वर्षं होईपर्यंत एनबीएचं दार बंद, अशी जुनी पद्धत होती. स्पेन्सर हेवूड या खेळाडूने ती कोर्टात खेचली आणि १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाचा कौल त्याच्या बाजूने लागला. पुढे केव्हिन गार्नेट १९९५ मध्ये, कोबी ब्रायंट १९९६ मध्ये आणि लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट एनबीएत आले. मग २००५ मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत नवा करार झाला. अमेरिकन खेळाडूचं वय किमान १९ हवं आणि त्याची शाळेची तुकडी बाहेर पडून एक वर्ष झालेलं हवं. २००६ च्या ड्राफ्टपासून हे लागू झालं.

ते मधलं वर्ष घालवायला बहुतेकांना जागा एकच दिसायची, कॉलेज. कॉलेज बास्केटबॉलमध्ये टीव्हीच्या हक्कांचे पैसे येत होते, प्रशिक्षकांना गलेलठ्ठ पगार होते. खेळणाऱ्या मुलाला शिष्यवृत्तीपलीकडे काही घ्यायला मनाई होती. मला हा सरळ अन्याय वाटतो.

जेनिंग्ज कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा. डावखुरा, अंगाने किरकोळ, पण चेंडू घेऊन सुटला की बचाव करणाऱ्याची त्रेधा उडवणारा पॉइंट गार्ड, म्हणजे संघाची चढाई रचणारा खेळाडू. व्हर्जिनियातल्या ओक हिल अकॅडमीतून तो बाहेर पडला, तेव्हा देशातल्या अव्वल शाळकरी खेळाडूंत त्याचं नाव होतं. ॲरिझोना विद्यापीठात जायचं ठरलंही होतं. गाडी अडली ती प्रवेशपरीक्षेत. दुसऱ्या खेपेला गुण एकदम वाढले म्हणून त्यांच्यावर शंका घेतली गेली आणि तिसऱ्यांदा पेपर द्यायची वेळ आली. त्याच सुमारास सॉनी व्हॅकारो त्याच्या मदतीला आला. मायकेल जॉर्डनला नायकीकडे आणण्यात मोठा वाटा असलेला हा माणूस तोवर कॉलेज खेळाच्या व्यवस्थेचा कडवा टीकाकार झाला होता. २००८ च्या जुलैमध्ये जेनिंग्जने लोट्टोमॅटिका रोमा या रोमच्या क्लबशी करार केला. पगार आणि अंडर आर्मर या क्रीडासाहित्य कंपनीचा जाहिरात करार मिळून रक्कम दहा लाख डॉलरच्या वर गेल्याचं तेव्हा छापून आलं. आई आणि धाकटा भाऊही त्याच्यासोबत रोमला गेले.

१९६० च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या भव्य गोल क्रीडागृहात त्याचा संघ खेळायचा. मैदानावर मात्र त्याच्या वाट्याला बहुतेक वेळ बाकच आलं. इटालियन लीगमध्ये सामन्यामागे जेमतेम १७ मिनिटं आणि साडेपाच गुण. युरोपातल्या बड्या क्लबांच्या युरोलीगमध्ये साडेसातच्या आसपास. हे आकडे बघून अमेरिकेत अनेकांनी नाकं मुरडली. त्यांनी क्लबची बाजू ध्यानात घेतली नाही, असं मला वाटतं. इटलीत तळाला गेलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. प्रत्येक सामन्याला किंमत असते, आणि जूनमध्ये ड्राफ्टसाठी निघून जाणाऱ्या पोराला घडवत बसायला प्रशिक्षकाकडे कारण नसतं. सामना ४० मिनिटांचा, चेंडू पाचही जणांच्या हातून फिरणारा, आणि समोर तिशीतले कसलेले गडी. शाळेत मनमुराद गुण कुटणारा मुलगा तिथे बचाव करायला आणि वाट बघायला शिकला. या शिक्षणाची नोंद गुणांच्या तक्त्यात होत नाही.

२००९ च्या ड्राफ्टमध्ये मिलवॉकी बक्सने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं. आपली निवड नक्की कधी होईल याची खात्री नसल्याने तो निवडीच्या वेळी सभागृहात नव्हता. नंतर येऊन मंचावर गेला. मग १४ नोव्हेंबर २००९ उजाडला. गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध पहिल्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या पहिल्या पावभागात, त्याचा भोपळाही फुटला नव्हता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने एकट्याने २९ गुण केले, आणि सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर ५५ होते. करीम अब्दुल-जब्बारने पदार्पणाच्या मोसमात बक्ससाठी केलेला ५१ गुणांचा विक्रम मोडला होता. एनबीएतला हा त्याचा अवघा सातवा सामना.

त्या उंचीवर तो टिकला नाही, हेही खरं. जानेवारी २०१५ मध्ये डेट्रॉइटकडून खेळताना घोट्यामागचा स्नायुबंध (अकिलीस टेंडन) तुटला आणि त्याचा मूळचा वेग पुन्हा आला नाही. पुढे चीनमध्ये शान्शी आणि रशियात झेनित या क्लबांत मुक्काम झाले. मिलवॉकीने मात्र त्याला विसरू दिलं नाही. २०१३ मध्ये सातपैकी चार सामने जिंकायच्या बाद फेरीत बलाढ्य मायामीविरुद्ध ‘बक्स इन सिक्स’, म्हणजे सहा सामन्यांत आम्हीच जिंकू, असं तो छातीठोक म्हणाला आणि संघ चारही सामने हरला. तरी ती आरोळी शहराने उचलली, आणि २०२१ मध्ये बक्सने विजेतेपद खरोखर अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात मिळवलं.

त्याच्यामागून इमॅन्युएल मुदियाय चीनमध्ये ग्वांगडोंगला गेला, टेरन्स फर्ग्युसन ऑस्ट्रेलियात ॲडलेडला. ऑस्ट्रेलियन लीगने तर अशा मुलांसाठी खास योजनाच काढली. एनबीएलाही जाग आली आणि २०२० मध्ये तिने जी लीग या आपल्या दुय्यम लीगमध्ये इग्नाइट हा अशा मुलांचा पगारी संघ उभा केला. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली, तशी परदेशी जाण्याची मोठी निकड संपली. इग्नाइटही २०२४ मध्ये बंद झाला. वयाचा नियम २०२३ च्या करारातही कायम आहे.