इटलीत स्वतः गाडी चालवायची असेल तर: खान्देशातल्या जोडप्यांसाठी इंटरनॅशनल लायसन्स आणि व्हिसाची तयारी

रोम, फ्लॉरेन्स, सिएना आणि मधली तोस्काना प्रांतातली गावं भाड्याच्या गाडीने बघायचं ठरलं असेल, तर विमानाची तिकिटं काढण्याआधी दोघांची लायसन्स आणि पासपोर्ट शेजारी ठेवून नावं ताडून बघा. बायकोचं लायसन्स माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट सासरच्या, असं आपल्याकडे घरोघरी आहे. इंटरनॅशनल लायसन्स मूळ लायसन्सवरूनच बनतं. त्यामुळे नावातला फरक जसाच्या तसा त्यात उतरतो आणि तिकडे गाडी ताब्यात घेताना काउंटरवर अडकायला होतं. नावदुरुस्ती आधी करून घ्या. त्या दुरुस्तीसाठी आणि पुढे व्हिसासाठीही विवाह नोंदणीचा दाखला कामाला येतो. गावात तो ग्रामपंचायतीत मिळतो, शहरात पालिकेत.

इटलीच्या नियमाप्रमाणे युरोपबाहेरच्या चालकाकडे स्वतःच्या देशाचं लायसन्स आणि सोबत इंटरनॅशनल परवाना किंवा अधिकृत भाषांतर लागतं. आपल्याकडे हा परवाना, म्हणजे आयडीपी, आरटीओ देतं. हलक्या चारचाकीचं पक्कं, मुदतीतलं लायसन्स हीच मुख्य पात्रता. लर्निंगवर तो मिळत नाही. दोघं आलटून पालटून चालवणार असाल तर दोघांचे परवाने वेगवेगळे काढा.

अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर होतो. महाराष्ट्र निवडा, लायसन्सच्या सेवांमध्ये जा आणि नमुना 4-अ भरा. फी 1000 रुपये. लायसन्स, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि फोटो तयार ठेवा. वैद्यकीय दाखला आणि व्हिसा आधी हातात हवा, ही अट जानेवारी 2021 च्या दुरुस्तीत काढली आहे, त्यामुळे व्हिसाची वाट बघत थांबू नका. जुनं पुस्तकासारखं लायसन्स असेल तर त्याची नोंद सारथीवर आहे का ते आधी बघा. नसेल तर जळगाव, धुळे किंवा नंदुरबार, जिथलं लायसन्स असेल त्या कार्यालयात बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या लायसन्सची माहिती पोर्टलवर चढवून, घ्यावी लागते, आणि वेळ खरा तिथेच जातो.

परवाना हातात आला की खिडकीपाशीच उघडून बघा. नाव, जन्मतारीख, फोटो, आणि कारसाठीच्या ‘बी’ वर्गाची नोंद आहे ना. तो एक वर्ष चालतो, पण लायसन्सची मुदत त्याआधी संपत असेल तर तितकाच. इंटरनेटवर डॉलरमध्ये पैसे घेऊन तीन-तीन वर्षांचा ‘इंटरनॅशनल परवाना’ विकणारी संकेतस्थळं आहेत, त्यांच्या नादी लागू नका. आणि मूळ लायसन्स घरी ठेवून नुसता आयडीपी नेला तर त्याचा उपयोग नाही.

व्हिसा शेंगेन, म्हणजे इटलीसह युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक, अल्प मुदतीचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तो जमा व्हायला हवा. पण इतकं ताणू नका. फी 90 युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाखर्च वेगळा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा, प्रवासविमा किमान 30,000 युरोचा. बोटांचे ठसे गेल्या 59 महिन्यांत दिलेले नसतील तर दोघांनाही त्या केंद्रात स्वतः जावं लागतं.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्या शेतकऱ्यांना खरी अडचण येते ती उत्पन्न दाखवताना. पगारदाराची पगारचिठ्ठी असते. आपलं उत्पन्न हंगामाचं, आणि शेतीउत्पन्नाला आयकर नसल्याने अनेकांनी रिटर्न कधी भरलेलंच नसतं. कर शून्य असला तरी रिटर्न भरता येतं. शेतीउत्पन्न 5000 रुपयांच्या वर असेल तर रिटर्नचा आयटीआर-1 हा नमुना चालत नाही, आयटीआर-2 किंवा धंदा असल्यास पुढचा नमुना लागतो. सोबत डिजिटल सहीचा 7/12 (ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो), 8-अ, आणि व्यापाऱ्याच्या पट्ट्या, म्हणजे मालविक्रीच्या पावत्या, जोडा. पट्टीवरची रक्कम बँकेच्या पासबुकात त्याच सुमाराला जमा झालेली दिसली पाहिजे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून उसने घेऊन भरलेली मोठी रक्कम उलट संशय वाढवते. हे सगळे मराठी कागद इंग्रजी भाषांतरासह द्या. मागे शेती आहे, घर आहे, माणसं आहेत, म्हणजे हे जोडपं परत येणार, हेच या कागदांतून अधिकाऱ्याला दिसायला हवं. शेती हा त्याचा भक्कम पुरावा आहे, तो संकोचाने मागे ठेवू नका.

गाडी बुक करताना मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, कारण अनामत त्यावरच अडकवतात. दुसऱ्या चालकाचं नाव करारात लिहून घ्या. गाड्या तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. वेगाची मर्यादा महामार्गावर ताशी 130 किलोमीटर, गावात 50. फ्लॉरेन्स, सिएना, पिसा यांच्या जुन्या भागात ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचे पट्टे आहेत. तिथे अडवायला पोलीस उभा नसतो, कॅमेरा नंबर टिपतो, आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी थेट घरी येते. गाडी भाड्याने देणारी कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचे पैसे कार्डावरून वेगळे कापते. हॉटेल अशा पट्ट्यात असेल तर बुकिंग करतानाच गाडीचा नंबर नोंदवून मिळेल का ते विचारून घ्या.