एका फाऊलची किंमत: पूलच्या नियमांची पार्श्वभूमी

पूल म्हणजे क्यूने (काठीने) पांढरा चेंडू मारून बाकीचे चेंडू टेबलाच्या पॉकेटमध्ये घालण्याचा खेळ, आणि नाइन-बॉल हा त्याचा नऊ चेंडूंचा प्रकार. त्यात आज फाऊल, म्हणजे नियमभंग, झाला की समोरचा खेळाडू पांढरा चेंडू उचलतो आणि टेबलावर हव्या त्या जागी ठेवून खेळतो. 'बॉल इन हँड' इतका अंगवळणी पडला आहे की तो पहिल्यापासूनच असावा असे नव्या खेळाडूला वाटते. प्रत्यक्षात १९७० च्या दशकापर्यंत नाइन-बॉलमध्ये एका फाऊलला एवढी जबर शिक्षा सहसा नव्हती. ती आली आणि खेळाचा तोलच बदलला. ब्रेक, म्हणजे रचलेले चेंडू फोडणारा पहिला शॉट, कसा करावा, नशिबाने पडलेला चेंडू धरावा का, शॉट (कोणता चेंडू, कोणत्या पॉकेटमध्ये) आधी सांगावा का, हे आजचे वाद त्या बदलाशी जोडूनच पाहावे लागतात.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. क्यूच्या टोकाचे चामडे, टेबलाखालची स्लेट, व्हल्कनाइज्ड रबराच्या कुशन (टेबलाच्या कडा) ही सगळी १९ व्या शतकाच्या पूर्वार्धातली भर. कुशनवरून चेंडू भरवशाने परत येऊ लागला, तेव्हाच मागे लपलेला चेंडू कुशन घेऊन गाठण्याची अपेक्षा खेळाडूकडून करता येऊ लागली. पॉकेटच्या खेळांना अमेरिकेत जोर आला तो 'फिफ्टीन-बॉल'पासून. १५ चेंडूंवर १ ते १५ आकडे, बेरीज १२०, आणि ६१ गुण आधी करेल तो जिंकला. १८७८ मध्ये या खेळाची अजिंक्यपद स्पर्धाही झाली. पण हिशेबात मोठी खोट होती. वरचे पाच चेंडू, म्हणजे ११ ते १५, घेतले की ६५ गुण होतात. खालचे दहाच्या दहा घेतले तरी ५५ च. दुप्पट चेंडू घेणारा हरू शकत होता. १८८८ च्या सुमारास आकडे बाजूला ठेवून प्रत्येक चेंडूला एक गुण देण्याची पद्धत पुढे आली.

त्यातही एक अडचण उरली. पंधराही चेंडू संपले की नवा रॅक (त्रिकोणात रचलेले चेंडू) लागायचा आणि घट्ट बांधलेल्या रॅकसमोर धोका पत्करायला कोणी तयार नसे. यावरचा उपाय १९१० च्या सुमारास निघाला आणि पूलच्या नियमांमधली ही सर्वांत देखणी दुरुस्ती आहे असे मला वाटते. चौदा चेंडू संपले की थांबायचे, पंधरावा जिथे आहे तिथेच ठेवायचा, चौदांचा रॅक पुन्हा लावायचा, आणि उरलेला चेंडू पॉकेटमध्ये घालता घालता पांढऱ्याने रॅक फोडायचा. खेळी न तुटता पुढे चालू. हाच 'फोर्टीन-वन' किंवा स्ट्रेट पूल. १९१२ मध्ये त्यावर अजिंक्यपद झाले. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे ८ फुटी टेबलावर सलग ५२६ चेंडूंची खेळी झाली. तो विक्रम २०१९ मध्ये ६२६ वर आणि २०२२ मध्ये ७१४ वर गेला.

स्ट्रेट पूलमधली शिक्षा इथे मुद्दाम सांगायला हवी. साध्या फाऊलला एक गुण वजा, आणि पांढरा आहे तिथूनच पुढचा खेळाडू खेळतो. पांढरा पॉकेटमध्ये गेला तर तो हातात मिळतो, पण टेबलाच्या ब्रेककडच्या टोकाजवळच्या रेषेमागूनच खेळावे लागते. लागोपाठ तिसऱ्या फाऊलला मात्र आणखी १५ गुण जातात. पहिली चूक स्वस्त, चुकांची साखळी महाग. जाणूनबुजून फाऊल करून चाल समोरच्यावर ढकलणे या खेळात वैध डावपेच होते, आणि आजही आहेत.

जुन्या नाइन-बॉलमागेही हाच विचार होता. खेळ तोच: टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याला आधी लागले पाहिजे, आणि नऊ पडला की डाव संपला. फाऊलचा हिशेब मात्र वेगळा. समजा तीन नंबर वरच्या कुशनला चिकटलेला आहे आणि सात नेमका मध्ये उभा आहे. आजचा खेळाडू दोन-तीन कुशन घेऊन तीनला कसाबसा स्पर्श करू पाहतो. जुन्या पद्धतीत तो 'पुश-आउट' करी. कशालाही न लागता पांढरा हळूच सरकवी आणि अशा जागी थांबवी की तीनची फक्त कड दिसेल, कट बारीक असेल आणि पॉकेट टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला असेल. मग प्रतिस्पर्ध्याने ठरवायचे, हा शॉट घ्यायचा की 'तूच खेळ' म्हणून परत द्यायचा. बॉल इन हँड मिळे तो लागोपाठ दुसऱ्या फाऊलनंतर. पुश-आउट केवळ ब्रेकनंतर नव्हे, डावात केव्हाही करता येत असे.

या निवडीत खरी चुरस होती. सरकवणाऱ्याला असा शॉट शोधावा लागे जो आपल्याला जमेल आणि समोरच्याला जमणार नाही, किंवा निदान तो घ्यायला धजणार नाही. त्यासाठी स्वतःचा हात ओळखावा लागे आणि समोरच्याचाही. सेफ्टीने, म्हणजे चेंडू घालण्याऐवजी समोरच्याला अडचणीत टाकणाऱ्या चालीने, डाव जिंकणे जवळपास अशक्य होते, कारण लपवलेला चेंडू पुढच्या चालीत उघडा करता येई. नेमबाजीला सर्वाधिक भाव देणारा हा नियम होता, आणि पैशाच्या सामन्यांत वाढलेल्या खेळाडूंना तो प्रिय होता यात नवल नाही.

मग तो गेला का? एक कारण वेळ. दोन तुल्यबळ खेळाडू पांढरा पुढे-मागे सरकवत बसले की डाव रेंगाळतो, आणि मोठ्या स्पर्धेत एका टेबलावर पुढचे सामने खोळंबलेले असतात. दुसरे कारण, गावागणिक नियम वेगळे. पुश-आउट फाऊल धरायचा का, दुसरा फाऊल त्याच खेळाडूचा हवा की कोणाचाही चालेल, यावर सामना सुरू होण्याआधीच खल चाले. तिसरे कारण टेलिव्हिजन. नाइन-बॉलचा डाव छोटा आणि चेंडू कमी, त्यामुळे पडद्याला हा खेळ मानवला. पण मुद्दाम काहीच न मारणारा खेळाडू प्रेक्षकाला समजावणे अवघड होते. 'टेक्सास एक्सप्रेस' या नावाने फिरणारी नियमावली या सगळ्याला एकच उत्तर देत होती: एक फाऊल, पांढरा हातात. पुश-आउट उरला तो फक्त ब्रेकनंतरच्या पहिल्या चालीपुरता, आणि तोही आधी सांगून. लागोपाठ तीन फाऊल केले तर डाव गेला, मात्र दुसऱ्या फाऊलनंतर तशी ताकीद दिलेली असली पाहिजे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक मोठ्या स्पर्धांनी ही पद्धत उचलली. १९९० मध्ये जर्मनीतल्या बेर्गहाइम इथे नाइन-बॉलचे पहिले जागतिक अजिंक्यपद भरले, तोवर जुनी पद्धत मागे पडली होती.

बदलाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. सेफ्टीला धार आली. कुशन घेऊन लपलेला चेंडू गाठणे ही स्वतंत्र विद्या झाली, आणि पांढऱ्याला मधल्या चेंडूवरून उडवण्यासाठी आखूड, हलक्या जंप क्यूंचे चलन वाढले. प्रेक्षकालाही ते लगेच कळते. पण एका गोष्टीची दखल नियम करणाऱ्यांनी पुरेशी घेतली नाही असे माझे ठाम मत आहे. नाइन-बॉलमध्ये शॉट सांगावा लागत नाही. शॉट चुकून पांढरा तीन कुशन फिरून भलत्याच चेंडूमागे जाऊन थांबला, तरी समोरच्याला तिथूनच खेळावे लागते. आणि तो चुकला तर पांढरा हातात, बहुधा डावही हातातून. जुन्या नियमात अशा नशिबावर पुश-आउटचा उतारा होता. उतारा काढून घेतला आणि नशीब तेवढे ठेवले.

याच पेचावर स्नूकरने वेगळा मार्ग काढला. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मलेला हा खेळ मुळात पूलच्याच जुन्या प्रकारांतून निघाला. तिथे फाऊलचे गुण समोरच्याला मिळतात, पांढरा सहसा आहे तिथेच राहतो, फाऊलनंतर चेंडू झाकला गेला असेल तर 'फ्री बॉल', म्हणजे दुसरा चेंडू त्याच्या जागी धरून खेळण्याची मुभा, मिळतो, आणि प्रयत्न पुरेसा नव्हता असे पंचाला वाटले तर 'मिस' देऊन चाल पुन्हा करायला लावता येते. पंचाच्या निर्णयावर एवढे अवलंबून राहणे पूलला परवडणारे नव्हते, कारण पूलचे बहुतेक सामने पंचाविनाच होतात.

एट-बॉलचा, म्हणजे आपल्या गटाचे सात चेंडू घालून शेवटी काळा आठ घालायच्या खेळाचा, प्रवास निराळा झाला. हा खेळ २० व्या शतकाच्या सुरुवातीचा. १९२५ च्या सुमारास सात चेंडू एका रंगाचे, सात दुसऱ्या रंगाचे आणि एक काळा असे संच खास या खेळासाठी निघाले. त्याला घडवले ते मात्र नाणे टाकून खेळायच्या टेबलांनी. अशा टेबलात गेलेला चेंडू बाहेर येत नाही. त्यामुळे चेंडू पुन्हा टेबलावर ठेवायला लावणारा कोणताही नियम तिथे चालत नाही, आणि पुन्हा पुन्हा रॅक मागणारा स्ट्रेट पूल तर नाहीच. पांढरा तेवढा परत मिळावा म्हणून तो आकाराने मोठा किंवा जड केला गेला, पुढे चुंबकाची सोय आली. जड पांढऱ्याने बॅक-स्पिन (मागे आणणारी फिरकी) घेणे कठीण, म्हणून तिथला खेळही सावध. शिक्षाही सौम्य राहिली: पांढरा रेषेमागून, एवढेच. ब्रिटनमध्ये ७ फुटी टेबलांवर लाल-पिवळ्या चेंडूंचा जो खेळ रुजला, त्यात फाऊल झाला की समोरच्याला दोन संधी. शेवटच्या काळ्यावर दोन की एक, हा तिथल्या टेबलांवरचा जुना तंटा.

अलीकडच्या दुरुस्त्या मुख्यतः ब्रेकभोवती फिरतात, आणि त्याचे कारण उघड आहे. एका फाऊलला एवढी किंमत असेल तर पहिला मोकळा शॉट कोणाला मिळतो हेच निर्णायक ठरते. रॅक घट्ट बसवणारे पातळ साचे आले तसा नाइन-बॉलच्या रॅकमधला कडेचा चेंडू जवळपास दर वेळी कोपऱ्यात पडू लागला, आणि हलक्या हाताने केलेला ब्रेक पुरेसा ठरू लागला. मग ब्रेकसाठी पांढरा ठेवायची चौकट आखली गेली, ठरावीक संख्येने चेंडू रेषेपलीकडे आलेच पाहिजेत अशी अट आली, आणि काही स्पर्धांनी रॅकच्या जागेवरच्या ठिपक्यावर एकऐवजी नऊ नंबर ठेवून अख्खा रॅक पुढे सरकवला.

२००८ च्या १ जानेवारीपासून लागू झालेल्या सुधारित जागतिक नियमांत टेन-बॉलला (नाइन-बॉलसारखाच, पण दहा चेंडूंचा खेळ) शॉट सांगण्याची अट आहे. सांगितलेला चेंडू न पडता दुसराच पडला, तर प्रतिस्पर्धी ती चाल परत देऊ शकतो. जुन्या पुश-आउटमधली निवड अशी थोडीशी मागच्या दाराने परत आली. ब्रेकवर दहा पडला तरी डाव संपत नाही, दहा पुन्हा ठिपक्यावर येतो. एट-बॉलमध्ये ब्रेकवर काळा पडला तरी जागतिक नियमांप्रमाणे तो विजय नाही. बारमधल्या टेबलांवर मात्र बऱ्याच ठिकाणी आजही तो विजयच धरतात. नाइन-बॉलला शॉट सांगण्याची अट या सुधारणेतही लागली नाही.