सहवाचनाची प्रेमकादंबरी

दोन माणसांचे प्रेम पुस्तकांच्या देवघेवीतून जुळते आणि वाढते, असे कथानक असलेली कादंबरी. एकाने वाचून दिलेल्या पुस्तकात दुसऱ्याला समासातली पेन्सिलीची रेघ सापडते, ती त्याला पटते किंवा खटकते, आणि ओळख तिथून पुढे सरकते. नायक-नायिका वाचनालयात भेटले एवढ्याने कादंबरी या प्रकारात बसत नाही. कथेतली पुस्तके काढून टाकल्यावर प्रेमही उरत नसेल, तरच ती खरी सहवाचनाची कादंबरी.

मराठीत हे प्रेम आधी लग्नाच्या आत आले. एकोणिसाव्या शतकात परक्या तरुण-तरुणींनी पुस्तके बदलण्याचा प्रश्नच नव्हता. नवऱ्याने बायकोला वाचायला शिकवणे हेच घरादाराशी वैर घेण्यासारखे होते. या घडणीशी खानदेशाचे दोन धागे जुळलेले आहेत. पहिला पारोळ्याचा. हरि नारायण आपटे यांचा जन्म तिथे १८६४ मध्ये झाला. त्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीतली यमू आपली कहाणी स्वतः सांगते. तिचा नवरा रघुनाथराव तिच्या शिकण्याला उत्तेजन देतो, आणि मुंबईच्या बिऱ्हाडातले त्यांचे दिवस हा कादंबरीतला सर्वांत सुखाचा भाग आहे. त्याच्या मृत्यूनंतर तिच्यावर सक्तीचे केशवपन लादले जाते.

दुसरा धागा धुळ्याचा, आणि तो कादंबरीतला नसून खऱ्या संसाराचा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची १८७९ मध्ये धुळ्याला बदली झाली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे सरकारला पुण्यातल्या पुढाऱ्यांचा संशय होता आणि धुळ्यात रानड्यांचे टपाल फोडून पाहिले जाई. १८७३ मध्ये लग्न होऊन आलेल्या रमाबाईंना त्यांनी लगेच शिकवायला घेतले होते. पुण्याच्या घरी वडीलधाऱ्या बायकांनी या शिक्षणापायी रमाबाईंचा जाच केला; तरी धडे थांबले नाहीत. हे सारे त्यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात आहे. या प्रकारात लिहू पाहणाऱ्याने आधी हे आत्मचरित्र वाचावे. कल्पित कथेला इतका पीळ क्वचितच साधतो.

या प्रेमात सुरुवातीला बरोबरी नसते. पुस्तक निवडतो नवरा, चूक काढतो नवरा. बायको स्वतः लिहू लागते तेव्हा बाजू समान होते. यमू आणि रमाबाई, कल्पित आणि खरी, दोघी नवऱ्यामागे लेखणी धरतात. सहवाचनाचे खरे फळ त्या लेखनात आहे.

पुढे घराबाहेरची जागा मिळाली ती वाचनालयांमुळे. जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय १८७७ चे. देवघेवीच्या खिडकीशी ठेवलेले पुस्तक, त्याच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावरचे तारखांचे शिक्के, आपल्या आधी हे कोणी नेले असेल याची उत्सुकता: कादंबरीकाराला एवढे साहित्य पुरेसे आहे. खानदेशी मातीतून आलेली गाजलेली ‘कोसला’ (१९६३) मात्र या प्रकारात येत नाही. सांगवीचा पांडुरंग पुण्यात शिकायला जातो. तिथले जग मित्रांचे आहे.

वाचन म्हणजे दर वेळी एकट्याने डोळ्यांनी वाचणे नव्हे, हेही इथे लक्षात घ्यावे लागते. श्रावणात ओसरीवर ‘शिवलीलामृत’ किंवा ‘हरिविजय’ लागते, एक जण ओवी म्हणून अर्थ सांगतो आणि अक्षरओळख नसलेल्या बाया त्यावर बोलतात. बहिणाबाई चौधरी अशाच निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि मुलगा सोपानदेव यांच्यामुळे १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. पुस्तकावरच्या सामाईक जीवाचे नाते माय-लेकाचेही असू शकते.

खानदेशातली अशी कादंबरी लिहिताना बोलीचा प्रश्न टाळता येत नाही. घरात अहिराणी किंवा लेवा बोली बोलणारी दोन माणसे प्रमाण मराठीतले पुस्तक वाचतात, आणि त्यावरचे भांडण मात्र बोलीत करतात. तिने वाचलेली ओळ ती त्याला स्वतःच्या बोलीत सांगते तेव्हा पुस्तक तिचे झालेले असते, आणि दोघांमधला मोकळेपणा वाढतो तो त्या सांगण्यातून.