चीनमधील विवाह : १९५०च्या कायद्याची पार्श्वभूमी
नोव्हेंबर १९१९मध्ये हुनान प्रांतातील चांगशा शहरात झाओ वूझेन या तरुणीने, आईवडिलांनी ठरवलेले लग्न मान्य नसल्यामुळे, सासरी नेणाऱ्या पालखीतच जीवन संपवले. तेव्हा पंचविशीत असलेल्या माओ त्से तुंग यांनी स्थानिक वृत्तपत्रात लागोपाठ लेख लिहून या मृत्यूचा दोष तिला चहूबाजूंनी कोंडणाऱ्या समाजाकडे दिला. पुढे जियांग्शी प्रांतात चिनी कम्युनिस्टांनी उभारलेल्या ‘सोव्हिएत’ राजवटीने १९३१मध्ये विवाहाचे नियम केले आणि देशाची सत्ता कम्युनिस्टांच्या हाती येताच, १ मे १९५० रोजी, नवा विवाह कायदा देशभर लागू झाला.

या कायद्याने सक्तीची लग्ने, रखेली ठेवण्याची प्रथा, बालवधू घरी आणून वाढवण्याची रीत आणि वधूसाठी पैसे घेणे यांवर बंदी घातली, विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली आणि विवाहाचे किमान वय मुलासाठी २० व मुलीसाठी १८ ठरवले. त्याच सुमारास जमीनसुधारणेत स्त्रीच्याही वाट्याची जमीन मोजली जाऊ लागल्याने वेगळे होऊ पाहणाऱ्या बाईला निदान कागदावर तरी आधार मिळाला. खेड्यांत मात्र लोक याला ‘घटस्फोटाचा कायदा’च म्हणू लागले. पैसे मोजून आणलेली सून जमिनीसह निघून जाईल या धास्तीने सासरची माणसे, आणि पुष्कळदा गावातले पक्ष कार्यकर्तेही, तिची वाट अडवत. या संघर्षात हजारो स्त्रियांचे प्राण गेले. ही किंमत कायद्याच्या गौरवात झाकली जाऊ नये, असे मला वाटते. मार्च १९५३मध्ये अंमलबजावणीसाठी महिनाभराची मोठी मोहीम झाली. त्यानंतर सरकारचा जोर ओसरला.

वडीलधाऱ्यांचा हात सैल झाला, तसा सरकारचा घट्ट होत गेला. शहरात लग्नाच्या नोंदणीसाठी कामाच्या ठिकाणाहून पत्र आणावे लागे, आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) वर्गशत्रू मानल्या गेलेल्या जमीनदाराच्या मुलाला स्थळ मिळणे अवघड होते. १९८०च्या कायद्याने वयाची अट २२ व २० केली, परस्परांतील जिव्हाळा संपणे हे घटस्फोटाचे कारण मानले आणि कुटुंबनियोजन हे पतिपत्नीचे कर्तव्य ठरवले. त्याच वर्षी एक मूल धोरण देशभर लागू झाले.

कामाच्या ठिकाणच्या पत्राची अट २००३मध्ये गेली. मात्र २०२१पासून संमतीने विभक्त होणाऱ्या दांपत्याला अर्ज दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते, आणि त्या काळात दोघांपैकी कोणीही एक जण तो अर्ज मागे घेऊ शकतो.