काचेवरचं धुकं आतलं की बाहेरचं?

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावचा तान्हा पोळा (लहान पोरांचा, लाकडी बैलांचा पोळा) पाहून आम्ही यवतमाळकडे परत निघालो होतो. दिवसभर झड लागलेली, रात्रीचे नऊ वाजलेले. गाडीत आम्ही चौघं, मी, बायको, बहीण आणि मांडीवर लाकडी बैल घेऊन बसलेला सहा वर्षांचा भाचा. देवळीच्या पुढे समोरच्या काचेवर धुकं धरायला लागलं. मी एसी फुल्ल केला आणि हवेचा झोत काचेवर सोडला. धुकं कमी व्हायचं सोडून वाढतच गेलं. बायको नॅपकिननं काच पुसत होती, नॅपकिन कोरडा तो कोरडाच.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मामा, बैल नाही उमटून राहिला."

पोरगं बाजूच्या काचेवर बोटानं बैल काढत होतं. काच पांढरी धप्प, पण बोट फिरवलं तरी रेघ उठत नव्हती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. धुकं आत नव्हतंच, बाहेरून होतं. वायपर एकदा फिरवला आणि रस्ता दिसला. बाहेर पाऊस थांबलेला, म्हणून वायपर बंद करून मी शहाण्यासारखा आतून काच पुसवून घेत होतो.

दोन्ही धुकी दिसायला एकसारखी. उपाय मात्र एकमेकांच्या उलट आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की काम बिघडतं.

स्वयंपाकघरात दोन्ही रोज दिसतात. फ्रिजमधल्या पाण्यानं भरलेला स्टीलचा गिलास बाहेरून घामेजतो, तसं पावसाळ्यातलं बाहेरचं धुकं. भात शिजताना झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब लटकतात, तसं हिवाळ्यातलं आतलं. (माठ बाहेरून ओला असतो त्याचं कारण वेगळं. तिथे आतलं पाणी पाझरून बाहेर येतं. गिलासातून काही पाझरत नाही.) हिशेब दोन्हीकडे एकच आहे. हवा जितकी गरम तितकं जास्त बाष्प ती धरते. 1 घनमीटर हवा 30 अंशांना साधारण 30 ग्रॅम बाष्प धरू शकते, 20 अंशांना 17 आणि 10 अंशांना जेमतेम 9. बाष्पानं भरलेली हवा थंड काचेला लागली की जे मावत नाही ते काचेवर बसतं. प्रश्न एवढाच, की ओली हवा काचेच्या कोणत्या बाजूला आहे.

भादव्यात आपल्याकडे पाऊस पडून गेल्यावर बाहेरची हवा अशी चिंब असते, की पारा 26 अंशांवर असला तरी काच 24 च्या खाली गेली की पुरे. आणि काच थंड कोण करतं? आपणच, एसीचा झोत तिच्यावर मारून. त्यामुळे बाहेरच्या धुक्यावर आधी वायपर मारायचा, मग झोत काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायाकडे वळवायचा आणि एसीचं तापमान 25-26 अंशांपर्यंत चढवायचं. काच थोडी कोमट झाली की धुकं परत धरत नाही.

इथे एक खोच आहे, मी त्यात दोनदा फसलोय. बाहेरचं धुकं एसीमुळे येतं हे कळलं की माणूस रागानं एसीच बंद करतो आणि पंखा चालू ठेवतो. एसीच्या आतल्या थंड जाळीवर पाणी साचलेलं असतं. जाळी गरम होताच ते पाणी वाफ होऊन पंख्याबरोबर थेट काचेवर येतं, या वेळी आतून. मिनिटभरात दोन्ही बाजूंनी आंधळं. म्हणून एसी बंद करू नका, नुसता कमी करा.

आता हिवाळा. पौषातली पहाट, बाहेर 9-10 अंश, नागपूरला जायला पाच माणसं कोंबलेली, डिक्कीत मेथी-पालकाच्या ओल्या जुड्या. सगळ्यांनी खिडक्या गच्च लावलेल्या, कारण मागच्या काकाजींना वारा सोसत नाही. एक माणूस नुसता बसून श्वासातून आणि अंगातून तासाला अंदाजे 40-50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. छोट्या गाडीच्या आत जागा असते 3 घनमीटरच्या आसपास. 10 अंशांना त्यात 28 ग्रॅमच्या वर बाष्प मावत नाही. पाच माणसं एवढं पाणी दहा मिनिटांत सोडतात. जुड्यांचं आणि ओल्या पायदानाचं वेगळंच. अशात काच आंधळी झाली नाही तरच नवल.

यावर उपाय म्हणजे ओली हवा बाहेर काढणं. डॅशबोर्डवर गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेलं बटण असतं. ते चालू असलं की आतलीच हवा आत फिरते. उन्हाळ्यात आपण गारव्यासाठी ते दाबतो, ते हिवाळ्यापर्यंत तसंच राहतं. आधी ते बंद करा म्हणजे बाहेरची हवा येईल. मग झोत काचेवर, तापमानाचा खटका लाल बाजूला आणि वरून एसी चालू.

"थंडीत एसी?" हा प्रश्न मला प्रत्येक वेळी ऐकावा लागतो. एसी नुसता गार करत नाही, तो हवेतलं पाणी पिळून काढतो. गाडीखाली टपटपतं ते हेच पाणी. एसी आणि हीटर एकत्र चालले की हवा कोरडीही होते आणि गरमही, यापेक्षा लवकर काच मोकळी करणारं दुसरं काही नाही. एसी नसलेल्या जुन्या जीपमध्ये दोन्हीकडच्या काचा दोन-दोन बोटं खाली केल्या तरी भागतं. आमच्या गावात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणारा ड्रायव्हर असला की थुंकायला त्याच्या बाजूची काच कायम उघडी, त्यामुळे त्याच्या गाडीत धुकं कधी धरत नाही. खर्ऱ्याचा एवढा एकच फायदा मला ठाऊक आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रात्रभर अंगणात उभ्या गाडीचा. निरभ्र रात्री टप आणि काच आपली उष्णता आभाळाकडे सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार पडतात, म्हणून बाहेरून दव पडतं. तीच गाडी लिंबाखाली किंवा मांडवात लावली तर दव कमी पडतं, कारण आभाळ झाकलेलं असतं. सकाळी तुम्ही दव पुसून आत बसता, दारं लावता आणि त्याच गार काचेवर आतून तुमचा श्वास बसतो. मग "आत्ताच तर पुसली ना बे" म्हणत पुन्हा बाहेरून फडका मारायचा. अशा वेळी आधी बोट फिरवून बघावं. आतून रेघ उठली तर आतलं, नाही उठली तर बाहेरचं.

एसी-हीटरनं न जाणारं धुकंही असतं, पण ते पाणी नसतं. नव्या गाडीत उन्हानं डॅशबोर्डचं प्लास्टिक तापतं आणि काचेवर तेलकट थर धरतो, तो समोरून दिवे आले की चमकतो. तो साबणाच्या पाण्यानं धुवावा. चिकट थराला गोडसर वास येत असेल तर हीटरमधून कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) गळतंय, सरळ मेकॅनिककडे जा. आणि पुढच्या सीटखालचं पायदान पावसात न भिजताच ओलं राहत असेल तर एसीचं पाणी बाहेर काढणारी नळी बहुतेक चिखलानं बुजलीय. तिची आठवण कोणी ठेवत नाही.

काच आतून हातानं पुसू नये, हेही सांगतो. तळहाताचा घाम आणि तेल काचेला लागतं, पुढच्या वेळी तिथेच धुकं वेडंवाकडं बसतं आणि दिव्यांचे फराटे दिसतात. आतली काच महिन्यातून एकदा धुऊन धुतलेल्या सुती कपड्यानं कोरडी केली की धुकं उशिरा धरतं.

माझ्या गाडीची मागची डावी काच मात्र मी धूत नाही. संक्रांतीला भाचा परत आला होता. पहाटे काच आतून आंधळी होती. या वेळी त्याच्या बोटाला रेघ आली आणि त्यानं शिंगांसकट आख्खा बैल काढला. ऊन आलं तसा तो दिसेनासा झाला. पण बोटाचं तेल काचेवर राहिलंय. गार पहाटे गाडीत माणसं बसली की पाच-सात मिनिटांत त्या काचेवर शिंगं दिसायला लागतात, मग वशिंड, मग शेपटी.