बालसिरोसिस आणि तांबे: एका वादाची पार्श्वभूमी

बालसिरोसिस म्हणजे एक ते तीन वर्षांच्या मुलांचे यकृत तंतूंनी भरून, कडक होऊन निकामी होण्याचा आजार. त्याची पहिली नोंद १८८७ साली कलकत्त्यात झाली. पुढची साठ-सत्तर वर्षे कुपोषण, विषाणू, आनुवंशिकता, घरगुती काढे अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. १९५५ साली राष्ट्रीय पातळीवरच्या समितीने अहवाल दिला, तरी कारण हाती लागले नाही. दवाखान्यातले चित्र मात्र ठरलेले असे. मूल किरकिरे होई, पोट वाढे आणि बरगडीखाली हात घातला की दगडासारखे यकृत आणि त्याची पातळ, धारदार कडा बोटांना लागे. कावीळ दिसू लागली की बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत.

खरी कोंडी फुटली ती पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर. सुईने यकृताचा तुकडा काढणे, म्हणजे बायॉप्सी, सोपे झाल्यावर आजाराच्या आधीच्या टप्प्यातले नमुनेही मिळू लागले. त्याआधी बरीचशी भिस्त शवविच्छेदनावर होती. काचेवर दिसे ते चक्रावून टाकणारे होते. पेशी फुगलेल्या, एकेका पेशीभोवती तंतूंचे जाळे आणि पेशींच्या आत मॅलरी हायलाइन नावाचे प्रथिनांचे गुलाबी पुंजके. हे पुंजके १९११ साली दारू पिणाऱ्यांच्या यकृतात वर्णिले गेले होते. इथे ते दूधपित्या बाळात दिसत होते आणि दारूच्या यकृतात हमखास आढळणारी चरबी जवळपास नव्हती.

१९७८-७९ मध्ये ऑर्सीन नावाच्या रंगाने दिशा दिली. हाच रंग हिपॅटायटिस बी विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रथिन (अँटिजेन) दाखवायलाही वापरत. या मुलांच्या पेशींत त्याने गडद तपकिरी, जाडसर कण दाखवले. ते तांबे धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे होते. रासायनिक मोजणीने दुजोरा दिला: निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते, या मुलांत ते अनेकदा हजारापुढे जाई.

मग प्रश्न स्वयंपाकघरात पोचला. पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी ब्रिटनमधल्या सहकाऱ्यांसोबत आयांना बारकाईने विचारले: वरचे दूध कधी सुरू केले, कशात तापवले, कशात ठेवले? १९८३ आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आजारी मुलांना वरचे दूध लवकर सुरू झालेले आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांतले असल्याचे दिसले. पितळेत ठेवलेल्या दुधातले केसीन हे प्रथिन तांबे ओढून घेते. भांड्याला नीट कल्हई असेल तर धोका कमी; ती झिजली की दूध थेट धातूला लागते. त्यात नवजात यकृतात मुळातच तांब्याचा साठा जास्त असतो, आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची यंत्रणा अजून कच्ची असते.

खरा वाद पुढचा आहे आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. तांबे हे कारण, की आधीच बिघडलेल्या यकृतात साचलेला गाळ? देशातल्या काही ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्टनी दुसरी बाजू ठामपणे मांडली. पित्त अडले की इतर यकृतविकारांतही तांबे साचते. विल्सन आजारात, म्हणजे शरीरात तांबे साचत जाणाऱ्या आनुवंशिक आजारात, एवढेच तांबे असूनही मूल काही वर्षे ठणठणीत राहू शकते. शिवाय पितळेतले दूध न मिळालेली आजारी मुलेही सापडली. त्यांच्या मते मूळ घाव दुसऱ्याच एखाद्या यकृतविषाचा असावा, कदाचित घरगुती औषधातला. यात निदानाच्या निकषाची अडचण आहे, आणि ती गंभीर आहे. ऑर्सीनचे कण दिसले तरच हा आजार म्हणायचे ठरवले, तर तांबे नसलेली मुले अभ्यासातून आपोआप गळतात आणि तांब्याचा संबंध पक्का दिसू लागतो.

तरीही पारडे तांब्याकडे झुकते असे मला वाटते. कावीळ होण्याआधी पेनिसिलामाइन हे तांबे बाहेर काढणारे औषध दिलेली काही मुले वाचली आणि पुढच्या बायॉप्सीत त्यांच्यातल्या काहींचे यकृत जवळपास पूर्ववत दिसले. एकदा सुरू झाला की सहसा न थांबणाऱ्या आजारात ही साधी गोष्ट नाही. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये १९०० ते १९७४ दरम्यान १३८ बाळांना असाच सिरोसिस झाल्याचे १९९६ मध्ये पुढे आले. तिथेही गाईचे दूध तांब्याच्या भांड्यात तयार होई आणि ती भांडी बदलल्यावर आजार थांबला. आपल्याकडे स्टील आले, वरच्या दुधाबद्दलचा सल्ला बदलला आणि नव्वदच्या दशकापर्यंत हा आजार विरळ झाला.

मात्र त्याच भांड्यातले दूध पिऊनही बहुतेक मुले धडधाकट राहिली, तर काही घरांत पाठोपाठची भावंडे गेली. विल्सन आजाराचे जनुक १९९३ मध्ये सापडले, पण बालसिरोसिसशी त्याचा संबंध जुळला नाही. तांबे न पेलणारी ही मुले जन्मतः कोणत्या बाबतीत वेगळी होती, याचे उत्तर देणारे जनुक अजून सापडलेले नाही.